बाबा हट्ट करत नाहीयेत!

अंबरनाथहून सुटणारी सकाळची फास्ट लोकल पकडायचीय. बॅग खांद्यावर, डबा बॅगेत. आणि नेमके तेव्हाच बाबा बाथरूमच्या उंबरठ्यावर पुतळ्यासारखे उभे! 'उचला ना पाय!' तुम्ही वैतागता. पाय जमिनीला चिकटलेले. काल रात्री तर कोपऱ्यात बसलेल्या लहान मुलाला जेवायला वाढ, म्हणाले. घरात लहान मूलच नाही. मनात येतंच, 'हे मुद्दाम करतात का?'

नाही. हा पार्किन्सन्स आहे, बराच पुढे गेलेला.

पार्किन्सन्स म्हटलं की आपल्याला फक्त थरथरणारा हात आठवतो. लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सननी १८१७ मध्ये या आजारावर लिहिलं, तेव्हा बुद्धी शाबूत राहते असंच त्यांना वाटलं होतं. पण सिडनीतल्या डॉक्टरांनी रुग्णांचा २० वर्षं पाठपुरावा केला. २००८ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तोवर हयात असलेल्यांपैकी ८३ टक्के जणांना स्मृतिभ्रंश झाला होता.

मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात, तिथून हे सुरू होतं. लिव्होडोपाची गोळी ती उणीव भरून काढते. मात्र पुढच्या टप्प्यात तिचा असर दुसऱ्या डोसआधीच ओसरायला लागतो. म्हणून दहा वाजता गॅलरीत फिरणाऱ्या बाबांना बारा वाजता शर्टाचं बटणही लावता येत नाही. बघणाऱ्याला वाटतं, नाटक!

मग करायचं काय?

पाय अडकले तर ओढू नका. थांबा, 'एक, दोन, तीन' म्हणा. उंबरठ्यापाशी जमिनीवर रंगीत टेपच्या आडव्या पट्ट्या लावा. पट्टी ओलांडायची म्हटल्यावर अनेकांचा पाय सुटतो.

गोळीची वेळ म्हणजे वेळ! मोबाईलवर अलार्म लावा. डाळ, पनीर, अंडी यांतली प्रथिनं गोळीच्या आड येतात, त्यामुळे गोळी आणि जेवण यात किती अंतर ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा. मनाने गोळी बंद तर अजिबात करू नका, ते धोक्याचं ठरू शकतं.

भास होत असतील तर वाद घालू नका. 'मला नाही दिसत, पण मी आहे ना इथे,' एवढं पुरतं. डॉक्टरांना मात्र नक्की कळवा. कधी औषधांमुळे, कधी लघवीच्या इन्फेक्शनमुळेही भास वाढतात. आणि उलटीची किंवा भासांची गोळी परस्पर आणू नका, त्यातल्या काहींनी पार्किन्सन्स बळावतो.

जेवताना ठसका लागतो? ताठ बसवा, छोटे घास द्या, घाई नको. अन्न श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनिया होऊ शकतो, आणि या टप्प्यात तो जिवावर बेततो.

मुंबईत २००१ पासून पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आणि पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णांना आणि घरच्यांना एकत्र आणतात. एक फोन करून बघा.

आणि हो, तुम्ही लोकलमध्ये असता तेव्हा दिवसभर बाबांना उठवणारी, बसवणारी, भरवणारी आई एकटीच असते. येत्या रविवारी तिची ड्यूटी तुम्ही करा. ती मैत्रिणीकडे जाईल, नाहीतर दुपारी नुसती झोपेल. उंबरठ्यावर बाबांसोबत 'एक, दोन, तीन' तुम्ही म्हणा. त्या दिवशी लोकल पकडायची नसते ना!