महासंगणकातील कालनियोजन

प्रोसेसरांची संख्या वाढविली की गणिताचा वेगही त्याच प्रमाणात वाढावा, अशी आपली सहज समजूत असते. ती कोठे अपुरी पडते हे स्पष्ट व्हावे म्हणून अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या ‘आस्की क्यू’ या महासंगणकाचा दाखला आम्ही येथे घेत आहो.

या यंत्रात २०४८ नोड, म्हणजे प्रत्येकी चार प्रोसेसरांचे संगणक, एकत्र जोडलेले होते. प्रोसेसर एकूण ८१९२. परंतु ‘सेज’ हा भौतिकशास्त्रीय गणिताचा प्रोग्राम त्यावर अपेक्षित वेग गाठीना. नवल असे की, शेकडो नोड कामी लागले असता प्रत्येकातील एक प्रोसेसर रिकामा ठेवला, तर तेच काम अधिक जलद होई. फाब्रित्सिओ पेत्रिनी व त्यांचे सहकारी यांनी २००३ साली याचा उलगडा केला.

कोणते काम प्रोसेसरवर केव्हा चालावे हे ठरविणे, हे संगणकाच्या कार्यप्रणालीचे कर्तव्य होय. मुख्य गणित क्षणभर थांबवून ती देखरेख, नोंदी अशी स्वतःची किरकोळ कामेही उरकून घेते. एका नोडपुरती ही हानी नगण्य असते. समांतर गणितात मात्र प्रत्येक पायरीनंतर सर्वांना एकमेकांसाठी थांबावे लागते. पंगतीत शेवटच्याचे जेवण आटोपल्यावाचून कोणी उठत नाही, तसेच हे. समजा, एक प्रोसेसर हजार पायऱ्यांत एकदाच अडतो. मग ८१९२ प्रोसेसरांपैकी प्रत्येक पायरीस सरासरीने आठ जण अडलेले असतील, आणि कोणीही न अडलेल्या पायऱ्या दहा हजारांत जेमतेम तीन निघतील. चौथा प्रोसेसर मोकळा असला की किरकोळ कामे त्याच्याकडे जातात, आणि उरलेले तिघे अखंड चालतात.

उपाय साधाच होता. अनावश्यक कामे बंद करण्यात आली, काहींची वारंवारता घटविली, काही ठरावीक नोडांवर हलविली. नवे यंत्र न घेता ‘सेज’चा वेग दुपटीवर गेला.

यातील तत्त्व असे : विसावा घेण्याने फारसे बिघडत नाही; विसाव्याच्या वेळा निरनिराळ्या असण्याने बिघडते. सर्वांनी तो एकाच क्षणी घेतला, तर हानी एकदाच मोजावी लागते. परस्परसंबद्ध कामे निरनिराळ्या प्रोसेसरांवर एकाच वेळी चालवावीत, हा विचार जॉन आउस्टरहाउट यांनी १९८२ मध्येच मांडला होता. २००४ साली पुढे आलेल्या ‘ब्लू जीन’ यंत्रात तर गणित करणाऱ्या नोडांवर अशी किरकोळ कामे जवळजवळ नसलेली, हेतुपुरस्सर लहान ठेवलेली प्रणाली योजिली गेली.

अध्यापकांनी हे उदाहरण वर्गात अवश्य मांडावे, असे आम्हांस वाटते. एकेका नोडची सरासरी पाहणाऱ्यास येथे दोष दिसलाच नसता. कारण ज्या कार्यात सर्वांना सर्वांसाठी थांबावे लागते, त्याचा वेग सरासरीने ठरत नाही, सर्वांत मागे राहिलेल्याने ठरतो.