गुगलला गावाचं नाव सांगा!

मोबाइल हातात असेलच. सर्चमध्ये 'वारली पेंटिंग' टाका आणि पहिल्या पानावरचे निकाल जरा निवांत बघा. मग फक्त दोन गोष्टी मोजा. त्यातल्या किती ठिकाणी चित्र काढणाऱ्याचं नाव आहे? आणि किती ठिकाणी त्याच्या गावाचं?

हा हिशेब डहाणू-तलासरीच्या पोरांनी तर करायलाच हवा. कारण ही कला आपल्या घरातली आहे. लग्नघराच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर सुवासिनींनी तांदळाच्या पिठाने काढलेला चौक आणि त्याच्या मधोमध पालघट देवी, ही तिची मूळ जागा. गंजाडजवळच्या कलंबीपाड्याचे जिव्या सोमा मशे यांनी ती भिंतीवरून कागदावर आणि तिथून जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालं. २०१६ मध्ये डहाणू घोलवड चिकूलाही मिळालं. म्हणजे कायद्याच्या कागदावर आपल्या मातीचं नाव पक्कं आहे. प्रश्न इंटरनेटच्या कागदाचा आहे. तिथे कोणी 'वारली' शोधलं की छापील कप विकणारं दुकान आधी सापडणार की पाड्यावरचा चित्रकार, हे मानांकनाचं प्रमाणपत्र ठरवत नाही. त्यातला बराचसा भाग वेबसाइटच्या पानावर काय आणि कसं लिहिलंय, त्यावर ठरतो.

यालाच म्हणतात ऑन-पेज एसईओ. नाव जड आहे, काम सोपं आहे. सर्च इंजिन तुमचं पान वाचायला येतं तेव्हा त्याला ते नीट वाचता आलं पाहिजे आणि हे पान कुणाच्या कामाचं आहे, ते समजलं पाहिजे. दुसऱ्या साइट्सनी तुमची लिंक देणं वगैरे भाग पानाबाहेरचा, तो आपल्या हातात कमी. पानावरचा मात्र पूर्ण आपल्या हातात. आणि त्याला पैसे लागत नाहीत.

आधी नाव, मग गाव

समजा, बोर्डीत तुमच्या मावशीचं होम-स्टे आहे. कुणीतरी वेबसाइट करून दिली आणि पानाचं टायटल ठेवलं 'होम' किंवा 'वेलकम'. हे टायटल म्हणजे ब्राउझरच्या टॅबवर दिसणारी ओळ. सर्चच्या निकालात निळ्या अक्षरात दिसतं, तेही बहुतेक वेळा हेच. पत्रावर पत्ताच नाही, तर पोस्टमन जाणार कुठे?

आता हेच टायटल असं करा: 'बोर्डी समुद्रकिनाऱ्याजवळ चिकूच्या वाडीत होम-स्टे, घोलवड'. काय आहे, कुठे आहे, वेगळं काय, सगळं एका ओळीत. फार लांबवू नका, मोबाइलवर ओळ मध्येच कापली जाते. महत्त्वाचे शब्द सुरुवातीला घ्या. आणि साइटवर पाच पानं असतील तर पाचही टायटलं वेगळी हवीत.

टायटलच्या खाली दोन ओळींचं वर्णन दिसतं, ते मेटा डिस्क्रिप्शन. त्याने रँक वाढत नाही, हे गुगलनेच सांगितलंय. गुगल कधी कधी ते बदलून पानावरचा दुसरा मजकूरही दाखवतं. पण माणूस क्लिक करतो की पुढे सरकतो, यात त्या दोन ओळींचा वाटा असतो. म्हणून तिथे 'आम्ही उत्कृष्ट सेवा देतो' लिहू नका, ते सगळेच लिहितात. 'जेवणात काय, किनारा किती मिनिटांवर, स्टेशनवरून यायचं कसं' हे लिहा.

पानाच्या आत एकच मुख्य मथळा ठेवा, त्याला एच-वन म्हणतात. त्याखाली उपमथळे. नुसती अक्षरं मोठी आणि ठळक केली म्हणजे मथळा होत नाही. वर्डप्रेससारख्या ठिकाणी लिहिताना 'हेडिंग' निवडावं लागतं.

शोधणाऱ्याच्या मनात काय?

एसईओची खरी मेख इथे आहे. 'वारली' या एका शब्दाचे किती अर्थ होतात बघा. ही एक जमात आहे, एक बोली आहे, एक चित्रशैली आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी तो १९४५ चा उठाव आहे. तलासरीतल्या झरी गावची सभा, वेठबिगारीला दिलेला नकार, त्यामागे उभ्या राहिलेल्या गोदावरी परुळेकर. आता तुमच्या पानावर नुसतं 'वारली' लिहिलं असेल, तर ते यातल्या कुणासाठी आहे हे मशीनला कसं कळणार?

म्हणून पान बनवायच्या आधी वहीत एक प्रश्न लिहा: माझ्याकडे येणारा माणूस काय टाईप करून येईल? पुण्यातला इंटिरियर डिझायनर 'भिंतीवर वारली चित्र काढून देणारे कलाकार' शोधेल. शाळेतल्या बाई 'वारली कार्यशाळा' शोधतील. मुंबईचा ग्रुप 'लोकलने डहाणू कसं जायचं' शोधेल, कारण २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत येते. पण बोर्डीला जायचं तर पुढचा प्रवास आहेच. तो कसा करायचा हे होम-स्टेच्या पानावर लिहिलेलं नसेल, तर तो माणूस दुसऱ्या पानावर जाणार. एका गरजेला एक पान द्या. सगळं एकाच पानात कोंबलं की कुणालाच काही सापडत नाही.

स्पेलिंगचं प्रकरण वेगळंच. रोमन लिपीत वारली कुणी 'डब्ल्यू'ने लिहितं, कुणी 'व्ही'ने. चिकूला कुणी 'चिक्कू' म्हणतं, परदेशातला ग्राहक 'सपोटा' म्हणतो. सर्च इंजिन बरंच समजून घेतं, पण सगळं त्याच्यावर सोडू नका. वाक्यात सहज बसतील तिथे ही दोन-तीन रूपं येऊ द्या. सहज हा शब्द महत्त्वाचा. 'घोलवड चिकू, बेस्ट घोलवड चिकू, स्वस्त घोलवड चिकू' असा शब्दांचा मारा केला तर गुगल त्याला स्पॅम समजतं.

फोटो मुका असतो

आपल्याकडच्या साइट्सची सवय म्हणजे सगळी माहिती एका रंगीत पोस्टरवर टाकायची आणि ते पोस्टर फोटो म्हणून चिकटवायचं. दर, पत्ता, सगळं त्या फोटोत. आपल्याला ते वाचता येतं. पण पानावर खरा मजकूर नसेल तर सर्च इंजिनच्या हाती फारसं काही लागत नाही. आणि ज्यांना दिसत नाही, जे स्क्रीन रीडरवर ऐकतात, त्यांच्या हाती तर काहीच लागत नाही.

म्हणून प्रत्येक फोटोला ऑल्ट टेक्स्ट द्या, म्हणजे फोटोत काय आहे ते सांगणारी एक ओळ. कॅमेऱ्याने दिलेलं आकड्यांचं नाव ठेवू नका आणि नुसतं 'चित्र १' असंही लिहू नका. 'गेरूच्या पार्श्वभूमीवर तांदळाच्या पिठाने काढलेला लग्नचौक, मध्ये पालघट देवी' असं लिहा. ही ओळ छापील कप विकणाऱ्याला लिहिता येईलच असं नाही. तुमच्या आजीला विचारून तुम्हाला येईल. ज्ञान आपल्याकडे आहे, ते पानावर उतरवायचं राहिलंय.

जीआयचंही तसंच. कायद्यानुसार उत्पादकाला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंदणी करता येते. घरात कुणाची झाली असेल, तर नुसता लोगो लावून थांबू नका. कशासाठी, कुणाच्या नावाने, हे वाक्यात लिहा.

दिसतं मराठी, असतं भलतंच

काही जुन्या मराठी साइट्सवर अजून युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधला मजकूर सापडतो. डोळ्यांना तो मराठी दिसतो, आत मात्र रोमन अक्षरांची खिचडी असते. असं पान मराठी शब्द शोधून सापडणार कसं? तपासायची युक्ती सोपी आहे. पानावरचा एक शब्द कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर पेस्ट करा. मराठी उमटलं तर ठीक. भलतंच काही उमटलं, तर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या.

पानाच्या पत्त्याचंही एक गणित आहे. देवनागरी पत्ता चालतो, गुगलला अडचण नाही. पण तो शेअर करताना अनेकदा टक्क्यांच्या चिन्हांची माळ होऊन बाहेर पडतो. 'डहाणू' या एका शब्दाची तब्बल ४५ चिन्हं होतात! रोमनमध्ये तोच शब्द सहा अक्षरांत बसतो. म्हणून मजकूर मराठीत आणि पत्ता छोट्या रोमन शब्दांत, ही तडजोड सोयीची आहे.

नेटवर्कची एकच काडी

गुगल आता साइटचं मोबाइलवरचं रूपच मुख्य मानून वाचतं. त्यामुळे लॅपटॉपवर झकास आणि फोनवर फुटकी साइट म्हणजे फुटकी साइटच. वेगासाठीही गुगलने मापं दिली आहेत. पानावरचा सगळ्यात मोठा भाग २.५ सेकंदांत दिसला तर चांगलं. बटण दाबल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळाला तर चांगलं.

वेग खातं कोण? बहुतेक वेळा फोटो. मोबाइलने काढलेला काही एमबीचा फोटो तसाच चढवला की पान रांगतं. चढवायच्या आधी त्याचा आकार कमी करा. मग पेजस्पीड इनसाइट्स या गुगलच्या फुकट टूलमध्ये साइट तपासा. आणि खरी परीक्षा घ्यायची तर घाटातल्या पाड्यावर, एक काडी नेटवर्क असताना पान उघडून बघा.

फसू नका

'महिन्यात पहिल्या नंबरवर आणतो, गॅरंटी!' असं सांगून कुणी घरच्यांकडे पैसे मागत असेल तर थांबवा. पहिल्या नंबरची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, हे गुगल स्वतः सांगतं. कुणी 'मेटा कीवर्ड भरून देतो' म्हणालं तर हसून घ्या. गुगल ते वापरत नाही, हे २००९ मध्येच जाहीर झालंय.

एसईओ म्हणजे जादू नाही, हेही खरं. बदल केल्यावर परिणाम दिसायला आठवडे, कधी महिने लागतात. मोठ्या दुकानांशी 'वारली' या एका शब्दावर टक्कर देणं कठीणच. शिवाय आता निकालांच्या वर एआयचं तयार उत्तर येतं, ते वाचून अनेक जण कुठेच क्लिक करत नाहीत. मग फायदा कुणाला? ज्याच्याकडे दुसरीकडे न मिळणारी माहिती आहे त्याला. चौक कोण काढतं, कधी काढतं, त्यात काय बदललं की चालत नाही? यंदा आमच्या वाडीत चिकू कधी उतरतील? ही उत्तरं पाड्यावर आणि वाडीतच मिळतात. 'वारली' वर नाही, तर 'डहाणूत वारली कार्यशाळा' वर तरी आपला माणूस वर दिसू शकतो. काम देणारा गिऱ्हाईक बहुतेक तेच शोधत असतो.

सुट्टीतलं काम

यातलं काहीही शिकायला कॉम्प्युटर इंजिनीअर व्हावं लागत नाही. सर्च कन्सोल हे गुगलचं फुकट टूल साइटला जोडा. लोक काय शोधून तुमच्या पानापर्यंत आले, किती जणांना पान दिसलं, किती जणांनी क्लिक केलं, सगळं त्यात कळतं. बीएमएम, बीकॉम, बीए, कुठल्याही शाखेचा विद्यार्थी हे करू शकतो. मराठी आणि वारली बोली येणाऱ्याचं पारडं तर इथे जडच आहे.

गावातला एक चित्रकार निवडा, नाहीतर एक वाडी, नाहीतर बचत गटाचा चिकू चिप्सचा धंदा. त्यांच्यासोबत बसा, त्यांना विचारून लिहा, आणि काय छापायचं ते त्यांनाच ठरवू द्या. टायटल, वर्णन, मथळे, फोटोंच्या ओळी, गावाचं नाव. दोन रविवारचं काम आहे. तीन महिन्यांनी सर्च कन्सोल उघडा. तेव्हा कुणीतरी 'गंजाड' किंवा 'तलासरी' टाईप करून तुमच्या पानापर्यंत आलेलं दिसलं, तर समजा गुगलला रस्ता कळलाय.