जास्वंदीची कळी का गळते?

भेंडी, कापूस आणि अंबाडी यांच्याच कुळातील जास्वंद हे भारतीय अंगणातील चिरपरिचित झुडूप होय. महाराष्ट्रात गणपतीला आणि बंगालमध्ये ‘जबा’ या नावाने कालीमातेला त्याचे लाल फूल वाहिले जाते. आता ते सदनिकांच्या सज्जांतही रुजले आहे आणि तेथूनच एक तक्रार वारंवार ऐकू येते: झाड कळ्यांनी भरून येते, परंतु उमलण्यापूर्वीच कळ्या पिवळ्या पडून गळतात.

या गळतीमागे पुष्कळदा रोग नसून पाण्याची अनियमितता असते. कुंडीतील माती एके दिवशी कोरडी ठणठणीत आणि दुसऱ्या दिवशी चिखल, हे जास्वंदीला मुळीच मानवत नाही. सुट्टीवरून परतलेले कुटुंब सुकलेले झाड पाहून घाईने बादलीभर पाणी ओतते आणि उरल्यासुरल्या कळ्याही झडतात! मातीचा वरचा इंचभर थर सुकला आहे का, हे बोटाने पाहावे आणि मगच तळाच्या छिद्रातून निथळेपर्यंत पाणी द्यावे. थाळीत साठलेले पाणी लगेच ओतून टाकावे. निचऱ्यासाठी पोयटा माती, शेणखत आणि थोडी जाड वाळू यांचे मिश्रण उत्तम.

दिवसाकाठी पाच-सहा तास थेट ऊन मिळाले नाही, तर पाने हिरवीगार राहतात, फुले मात्र येत नाहीत. अशा वेळी खताचा मारा केला जातो, तो व्यर्थ होय. नत्र अधिक झाल्यास पालाच वाढतो. अतिरिक्त स्फुरदही जास्वंदीला सोसत नाही. तिला पालाशयुक्त खत अल्प प्रमाणात, पण नियमितपणे द्यावे.

खोडावर मुंग्यांची रांग दिसू लागली की सावध व्हावे. कोवळ्या शेंड्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके करून राहणारा पिठ्या ढेकूण रस शोषतो आणि गोड, चिकट स्राव सोडतो. त्या गोडव्यासाठी मुंग्या या किडीचे चक्क रक्षण करतात. फार ग्रासलेले शेंडे कापून नष्ट करावेत. उर्वरित झाडावर एक लिटर पाण्यात 5 मिलीलिटर निंबोळी तेल व साबणाचे काही थेंब मिसळून सायंकाळी फवारावे आणि आठवड्याने पुन्हा फवारणी करावी. गळालेल्या कळ्यांत फुलकिडे असू शकतात, म्हणून त्या कुंडीत पडू देऊ नयेत.

छाटणीस अनेकांचा हात धजत नाही. परंतु जास्वंदीला फूल येते ते नव्या फुटीवर. त्यामुळे जुन्या, लांबट फांद्या एक तृतीयांश कमी करणे हिताचेच. दिल्लीसारख्या शहरांत कडाक्याची थंडी ओसरल्यावर, फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये ही छाटणी करावी. तत्पूर्वी केल्यास कोवळी फूट थंडीने करपते. गणेशोत्सवात फुले हवी असणाऱ्यांनी जुलै उजाडल्यावर मोठी छाटणी टाळावी.

छाटलेल्या फांद्या फेकून देऊ नयेत. पेन्सिलीएवढ्या जाडीचे, वीतभर लांबीचे तुकडे पावसाळ्यात सावलीत लावल्यास सहज रुजतात. मोठ्या फुलांचे संकरित वाण मात्र बहुधा कलमी असतात. त्यांच्या कलमाच्या जोडाखाली फुटलेले कोंब वेळीच खुडून टाकावेत.