आंबिवलीहून समुद्राच्या तळापर्यंत : सागर विज्ञान आणि स्कुबाची वाट

आमच्या आंबिवलीतल्या अभ्यासिकेतली दहावीची एक मुलगी मालवणला जाऊन आली. तिथे तिने स्कुबा डायव्हिंगचे फलक पाहिले, पण पैशांअभावी पाण्यात उतरली नाही. परत आल्यावर तिने विचारलं, "ताई, समुद्राखाली जाऊन मासे बघायचं काम असतं का? त्याचा पगार मिळतो?" बाकीची मुलं हसली. पण प्रश्न हसण्यासारखा नाही. आपल्या वस्त्यांत डॉक्टर, इंजिनिअर आणि एमपीएससी यापलीकडची वाट सहसा कोणी सांगत नाही. म्हणून ही माहिती.

आधी एक घोळ दूर करू. सागर विज्ञान हे शिक्षण आहे, स्कुबा हे कौशल्य आहे. समुद्राचं तापमान, क्षार, प्रवाह किंवा तळाचा गाळ अभ्यासणारे बरेच शास्त्रज्ञ जहाजावर आणि प्रयोगशाळेत काम करतात, त्यांना बुडी मारावीच लागते असं नाही. प्रवाळ किंवा किनाऱ्याजवळच्या जीवांचा अभ्यास करायचा असेल, तर मात्र डायव्हिंग फार उपयोगी पडतं.

शिक्षणाच्या दोन वाटा आहेत. पहिली मत्स्यशास्त्राची. बारावी सायन्स जीवशास्त्रासह करून रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात चार वर्षांची पदवी घेता येते. पुढचं शिक्षण वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत आहे. दुसरी वाट साध्या बीएस्सीची. प्राणिशास्त्र, रसायन, भौतिक, भूशास्त्र यांपैकी कोणताही विषय घ्या आणि मग गोवा विद्यापीठात किंवा कोचीच्या विद्यापीठात सागर विज्ञानाच्या एमएस्सीसाठी प्रयत्न करा. त्यानंतर नेट-जेआरएफ मिळाली, तर पीएचडी करताना दरमहा फेलोशिप मिळते. 1966 मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात दोनापावलाला आहे. तिचं एक केंद्र अंधेरीत आहे, म्हणजे दादरला गाडी बदलून जाण्याइतकं जवळ.

आता स्कुबा. सिंधुदुर्गात तारकर्लीला पर्यटन महामंडळाने उभारलेली प्रशिक्षण संस्था आहे. जवळच 1987 मध्ये घोषित झालेलं मालवण सागरी अभयारण्य आहे. पर्यटकांना हात धरून पाण्याखाली फिरवतात, त्याने डायव्हर होता येत नाही. त्यासाठी कोर्स करावा लागतो. पाडी या जगभर चालणाऱ्या पद्धतीत पहिल्या पायरीला 18 मीटर आणि दुसऱ्या पायरीला 30 मीटर खोलीपर्यंत जाता येतं. पहिल्या पायरीसाठी 200 मीटर पोहणं आणि 10 मिनिटं तरंगणं जमावं लागतं. दमा, कान किंवा हृदयाचा त्रास असेल, तर डॉक्टरांची परवानगी हवी.

यात विज्ञानही आहे. 10 मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छातीत भरलेली हवा वर येताना दुपटीने फुगते आणि श्वास रोखून धरला तर फुप्फुस फाटू शकतं. म्हणून श्वास कधी रोखायचा नाही आणि वर हळूहळू यायचं, हा पहिला नियम.

एक सावधगिरी. कोकणात पावसाळ्यात डायव्हिंग बंद असतं, म्हणजे कमाई हंगामी. त्यामुळे स्कुबासाठी पदवी सोडू नका.

खरी अडचण पोहण्याची आहे. आपल्याकडे उल्हास आणि काळू या दोन नद्या, पण दरवर्षी बुडाल्याच्या बातम्या वाचून आईवडील मुलांना, विशेषतः मुलींना, पाण्याजवळ जाऊ देत नाहीत. ती भीती खरी आहे. पण प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली तलावात शिकलेलं पोहणं हाच तिच्यावरचा उपाय आहे. 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्यावरचा हक्क बजावला. त्या पाण्यात निर्भयपणे उतरता येणं ही पुढची पायरी.

पैशांचं काय? बारावी-पदवीसाठी महाडीबीटीवर भारत सरकारची शिष्यवृत्ती, वसतिगृह न मिळाल्यास स्वाधार योजना, पीएचडीसाठी बार्टीची फेलोशिप आणि परदेशासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती 1990 पासून मिळतात. त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातलं जात प्रमाणपत्र वेगळं काढावं लागतं. ते आणि जात पडताळणी अकरावीतच मार्गी लावा. प्रवेशाच्या आठवड्यात धावपळ करून हाती काही लागत नाही.

कार्यकर्त्यांना एक विनंती. येत्या मे महिन्याच्या सुट्टीत विहारातल्या मुलामुलींसाठी पोहण्याची एक बॅच काढा. आणि एक रविवार ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात त्यांना घेऊन जा. ठाण्याची खाडी 2022 पासून रामसर स्थळ आहे. मोहन्याजवळून वाहणारं आपलं पाणीही शेवटी खाडीतूनच समुद्राला मिळतं, हे मुलांनी डोळ्यांनी पाहावं.

त्या मुलीला मी सांगितलं, हो, पगार मिळतो. अकरावीला ती सायन्स घेणार आहे. पोहायला कुठे शिकायचं, हे तिचं पुढचं विचारणं होतं. त्याचं उत्तर आपण मिळून द्यायचं आहे.

जय भीम.