माळ्यावरचे विमान

बारामतीच्या धावपट्टीवरून प्रशिक्षणार्थींची विमाने उडतात; ती पाहत वाढलेली मुले बारामती-इंदापूरच्या व्यापारी घरांत आहेत. अशा एखाद्या घरी माळ्यावर ‘फ्रॉग’ छापाचा विमानाचा जोडसंच निघाला, तर तो रद्दीत देण्याची घाई नसावी.

या ब्रिटिश छापाने १९३६ मध्ये ‘पेंग्विन’ नावाने मूळ विमानाच्या १/७२ आकाराचे प्लास्टिकचे संच आणले. १९७६ च्या सुमारास छाप बंद झाला. साचे मात्र मोडीत गेले नाहीत. बहुतेक सोव्हिएत संघात गेले आणि ‘नोव्हो’ नावाने तोच माल निघाला. दुसऱ्या महायुद्धातील शत्रुपक्षाच्या विमानांचे साचे तेथे गेले नाहीत. ते ‘रेव्हेल’ने घेतले! बँकेत यंत्रांवर घसारा मांडणाऱ्या माझ्यासारख्याला हे नवलच. जोडणीचा कागद व पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हे शाबूत असल्यास संग्राहक अधिक मोल देतो. खोका फ्रॉगचा की नोव्होचा, एवढे आधी पाहावे.