कुणीच न दिलेलं मत

५ मे २०१७, शुक्रवार. इंग्लंडच्या ईशान्य टोकाला, स्कॉटलंडच्या हद्दीला लागून असलेल्या नॉर्थम्बरलँड काउंटीत कौन्सिलच्या निवडणुकीची मतमोजणी चालू होती. एकूण जागा ६७, बहुमताला हव्यात ३४. साउथ ब्लाइथ हा एक वॉर्ड वगळला तर हुजूर पक्षाच्या ३३ जागा होत होत्या. आणि साउथ ब्लाइथमध्ये लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या लेस्ली रिकर्बी यांना मतं पडली होती ३५६, हुजूर पक्षाच्या उमेदवारालाही ३५६. दोन वेळा फेरमोजणी झाली, तरी बरोबरी सुटेना. शेवटी काड्या ओढायचं ठरलं. लांब काडी रिकर्बी यांच्या हाती आली, त्या निवडून आल्या, आणि तीन लाखांवर वस्तीच्या काउंटीची सत्ता त्रिशंकू झाली.

हे असं व्हावं असं इंग्लंडच्या निवडणूक नियमांतच लिहिलेलं आहे. मला सगळ्यांत नवल वाटतं ते त्या नियमाच्या शब्दांचं. दोन उमेदवारांना समान मतं पडली आणि एका मताने निकाल लागणार असेल, तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने तिथल्या तिथे चिठ्ठी टाकून निर्णय करावा आणि ज्याच्या नावाने कौल लागेल त्याला एक मत जादा मिळालं आहे असं धरून पुढचं काम करावं, असं तो नियम सांगतो. काडी कशी धरायची, चिठ्ठी कुठल्या डब्यात ठेवायची, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. ती रीत अधिकाऱ्याने ठरवायची. पण नशिबाने कौन्सिलर निवडला असं मात्र तो नियम म्हणू देत नाही. नशिबाने फक्त एक मत दिलं. निवडून आणलं ते मतांनीच. ३५७वं मत. सगळ्या ब्लाइथमध्ये ते कुणीच दिलेलं नव्हतं, तरी बाकीच्या ३५६ मतांच्या रांगेत ते अगदी मानाने उभं राहतं. लोकशाहीत मताशिवाय दुसऱ्या कशानेही खुर्ची मिळता कामा नये, हा आग्रह इतका पक्का, की दैवालाही आत यायचं तर मतदार होऊनच यावं लागतं!

हे ३५७वं मत कुठे अडलं असेल, याचा विचार करू लागलं की इंग्लंडची सगळी निवडणूक डोळ्यांपुढे उलगडते.

तिथे स्थानिक निवडणुका मे महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी होतात. सुट्टी नसते. सकाळी सातला केंद्र उघडतं आणि रात्री दहाला बंद होतं. पंधरा तासांत माणूस कामाला जाताना किंवा घरी परतताना मत देऊन जातो. केंद्र शाळेत असतं, चर्चच्या सभागृहात असतं, आणि जिथे दुसरी जागाच नाही तिथे पबमध्ये नाहीतर उभ्या केलेल्या कॅराव्हॅनमध्येही असतं. बोटाला शाई लावत नाहीत. मतदानयंत्र नाही. कागदाची मतपत्रिका, आडोशाच्या फळीवर दोरीने बांधलेली पेन्सिल, आणि पसंतीच्या नावापुढे फुली. आपल्याकडे शिसपेन्सिलीची खूण म्हणजे खोडता येणारी, म्हणून कच्ची. तिथे त्या खुणेवर सरकारं बदलतात. ज्याला पेन्सिलीचा भरवसा नाही त्याने खिशातलं पेन वापरावं, त्याला कुणी अडवत नाही.

याहून थक्क करणारी गोष्ट म्हणजे २०१७ साली या निवडणुकीत मत द्यायला कुठलंही ओळखपत्र लागत नव्हतं. केंद्रावर जायचं, नाव आणि पत्ता सांगायचा, यादीवर रेघ मारली जायची आणि मतपत्रिका हातात पडायची. छायाचित्र असलेलं ओळखपत्र इंग्लंडच्या स्थानिक निवडणुकीत सक्तीचं झालं ते २०२३च्या मे महिन्यापासून. त्याआधी दीड शतकाच्या आसपास गुप्त मतदानाचा हा व्यवहार माणसाच्या शब्दावर चालला.

शब्दावर चालला, पण आंधळेपणाने नाही. प्रत्येक मतपत्रिकेच्या पाठीवर क्रमांक असतो, आणि तो क्रमांक कुठल्या मतदाराला गेला याची वेगळी यादी ठेवतात. म्हणजे कुणी कुणाला मत दिलं हे शोधणं अशक्य नाही. वाचून दचकायला होतं. पण ती यादी मोहोरबंद राहते, न्यायालयाच्या हुकुमाशिवाय उघडत नाही, आणि हुकूम निघतो तो तोतयेगिरीसारख्या गंभीर आरोपात. मतमोजणीच्या टेबलावर सगळ्या मतपत्रिका उताण्या ठेवतात, त्या एवढ्यासाठी, की पाठीवरचा आकडा कुणाच्या नजरेस पडू नये.

गुप्त मतदान तिथे आलं १८७२च्या कायद्याने, संसदेसाठी आणि नगरपालिकांसाठीही. त्याआधी माणूस चारचौघांत उभा राहून मोठ्याने सांगे, माझं मत अमक्याला. आणि जमीनदार, मालक, सावकार ऐकत उभे असत. नव्या कायद्याखाली पहिली पोटनिवडणूक झाली यॉर्कशरमधल्या पॉन्टेफ्रॅक्ट गावात, १५ ऑगस्ट १८७२ रोजी. हे गाव ज्येष्ठमधाच्या गोड वड्यांसाठी प्रसिद्ध. मतपेटीवर लाखेचा शिक्का मारायचा होता, तर तिथल्या कारखान्यात वड्यांवर उमटवायचा ठसाच त्यांनी वापरला. ती पेटी आजही पॉन्टेफ्रॅक्टच्या संग्रहालयात आहे. गुप्त मतदानाची इतकी मोठी परंपरा, आणि तिची पहिली मोहोर मिठाईवाल्याची, याचा मला फार आनंद होतो.

आता साउथ ब्लाइथकडे परत. ब्लाइथ हे समुद्रकाठचं गाव. १९६०च्या आसपास युरोपातल्या सर्वांत मोठ्या कोळसाबंदरांत त्याची गणना होई. पुढे खाणी मिटल्या. २००० साली ब्रिटनच्या समुद्रातल्या पहिल्या दोन पवनचक्क्या इथल्याच किनाऱ्यासमोर उभ्या राहिल्या. स्थानिक निवडणुकीत इंग्लंडमध्ये साधारण तीनातला एक मतदार बाहेर पडतो, म्हणून एवढ्या लहान आकड्यांवर जागा ठरतात. घरी बसलेल्या दोघांतला एखादा जरी त्या गुरुवारी उठून आला असता, तर काडी ओढायची वेळ न येती. रात्री दहाला केंद्राच्या रांगेत उभ्या असलेल्याला मत देता येतं. दहा वाजून एक मिनिटाने आलेल्याला नाही. हा नियमही अगदी अलीकडचा, २०१३च्या कायद्याने आलेला. त्याआधी रांगेतली माणसंही परत पाठवली जात.

आणि बाद मतं! खरी कसोटी तिथे लागते. फुलीऐवजी बरोबरची खूण केली, चौकोनाच्या बाहेर खूण केली, एखाद्याने हसरा चेहरा काढला, तरी मतदाराचा हेतू स्पष्ट दिसत असेल तर ते मत धरायचं, असा तिथला नियम आहे. बाद होतं ते कोरं सोडलेलं, जास्त नावांना दिलेलं, ज्याचा अर्थच लागत नाही असं, किंवा ज्यावर मतदाराने आपली ओळख पटेल असं काही लिहिलंय. संशयास्पद मतपत्रिका उमेदवारांसमोर एकेक करून उचलली जाते आणि अधिकारी निर्णय सांगतो. वॉर्डात बरोबरी असेल तेव्हा त्या एका कागदाकडे दोन्ही बाजूंचे लोक कसे श्वास रोखून बघत असतील!

एवढा जीव ज्या कौन्सिलसाठी टाकायचा ती करते काय? रस्त्यावरचे खड्डे, कचऱ्याचे डबे, ग्रंथालयं, शाळांचं नियोजन, घर बांधायची परवानगी. पण तिच्या तिजोरीतला मोठा वाटा जातो तो म्हाताऱ्या आणि अपंग माणसांच्या देखभालीकडे आणि संकटात सापडलेल्या मुलांकडे. पैसा येतो त्यात घरपट्टीसारखा कौन्सिल टॅक्स आहे, आणि त्याचा पाया ऐकून मी थक्क झाले: १ एप्रिल १९९१ रोजी ते घर किती किमतीला विकलं गेलं असतं, यावर आजही इंग्लंडमध्ये त्याचा गट ठरतो. काल बांधलेल्या घराचीही १९९१ची किंमत कल्पनेने काढतात.

या निवडणुकीत आपली माणसंही मत देतात, हे इथल्या पुष्कळांना ठाऊक नसतं. इंग्लंडमध्ये रीतसर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला, तो राष्ट्रकुलातल्या देशाचा म्हणून, तिथे मतदार होता येतं; ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही. काही अटींवर उभंही राहता येतं. व्ही. के. कृष्ण मेनन १९३४ ते १९४७ लंडनच्या सेंट पँक्रस बरोत, म्हणजे तिथल्या नगरविभागात, मजूर पक्षाचे कौन्सिलर होते आणि तिथल्या ग्रंथालयांसाठी झटत होते. हेच मेनन पुढे १९५७ आणि १९६२ साली उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेले. मुंबईकरांनी निवडून दिलेल्या खासदाराने लोकप्रतिनिधीचा पहिला धडा लंडनच्या एका बरोत गिरवला होता.

मुंबईचं नाव निघालं म्हणून सांगायलाच हवं. साउथ ब्लाइथच्या जेमतेम दहा आठवडे आधी, फेब्रुवारी २०१७मध्ये, मुंबई महानगरपालिकेच्या प्रभाग २२०मध्ये शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शहा यांना नेमकी ५,९४६ मतं पडली. दोघांनाही. ईश्वरचिठ्ठी काढायचं ठरलं, एका लहान मुलीने चिठ्ठी उचलली, शहांचं नाव निघालं. शिवसेना ८४, भाजप ८२ असा तो गाजलेला निकाल लागला. चिठ्ठी दुसरी निघती तर ८५ आणि ८१ झाला असता. इकडे यंत्र, तिकडे पेन्सिल. इकडे चिठ्ठी, तिकडे काडी. पण मागचा विचार एकच. आपल्या १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ६५ लोकसभा आणि विधानसभेसाठी जवळजवळ त्याच शब्दांत सांगतं, की कौल ज्याला लागेल त्याला एक जादा मत मिळालं असं समजावं. कुणीच न दिलेलं ते मत आपल्याही कायद्यात आहे.

इंग्लंडला इथवर यायला वेळ लागला. १८८६च्या सार्वत्रिक निवडणुकीत मँचेस्टरजवळच्या अ‍ॅश्टन-अंडर-लाइन मतदारसंघात दोघांना ३,०४९ मतं पडली, तेव्हा निवडणूक अधिकाऱ्याने आपलं निर्णायक मत हुजूर पक्षाच्या अ‍ॅडिसन यांच्या पारड्यात टाकलं आणि ते खासदार झाले. कायद्याने त्याला तो अधिकार होता. पण विचार करा, हजारो लोकांनी गुप्तपणे मत दिलं आणि ज्याच्या मताने निकाल लागला तो एकटा माणूस सगळ्यांसमोर उघडा पडला. त्या अधिकाऱ्याने कितीही प्रामाणिकपणे मत दिलं असेल, हरलेल्या ३,०४९ जणांनी ते कसं मानायचं? काडीला पक्ष नसतो, तिला पुढच्या वर्षी बढती नको असते. हरलेला माणूस काडीवर रागावू शकतो, तिच्यावर संशय घेऊ शकत नाही. पुष्कळांना ही पद्धत हास्यास्पद वाटते, लोकांच्या भवितव्याशी जुगार वाटते. मला ती प्रामाणिक वाटते. लोकांनी दोघांत काहीही फरक केलेला नाही, हे ती कबूल करते, आणि फरक केल्याचा आव कुणालाही आणू देत नाही. पुन्हा मतदान घ्या म्हणावं, तर ज्यांनी गुरुवारी मत दिलं त्यांचं म्हणणं पुसायचं. ते दिलेलं आहे, मोजलेलं आहे, आणि ते बरोबर अर्धं-अर्धं आहे.

चिठ्ठीचा कौल आपल्याकडे तर फार जुना. तमिळनाडूतल्या उत्तरमेरूरच्या मंदिरात दहाव्या शतकातले, चोळ राजा परांतकाच्या काळातले शिलालेख आहेत. गावच्या समित्यांवर माणसं कशी निवडायची, ते त्यात कोरून ठेवलंय: पात्र लोकांची नावं ताडपत्रांवर लिहायची, घड्यात टाकायची, आणि एका लहान मुलाकडून एक पान काढवायचं. मुंबईत चिठ्ठी उचलणाऱ्या मुलीचा तो हजार वर्षांपूर्वीचा भाऊच म्हणायचा.

पुन्हा नॉर्थम्बरलँडकडे. २०१७च्या त्या मे महिन्यात ब्रिटनभर हुजूर पक्षाची लाट होती. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी ८ जूनची सार्वत्रिक निवडणूक जाहीर केलेली, आणि स्थानिक निवडणुकांत पक्षाच्या पाचशेहून जास्त जागा वाढल्या. नॉर्थम्बरलँडमध्ये ती लाट ३३वर थांबली. मजूर पक्षाला २४ जागा, अपक्षांना ७, लिबरल डेमोक्रॅट ३, आणि त्या तिघांतल्या एक रिकर्बी. हुजूर पक्षाचे पीटर जॅक्सन कौन्सिलचे नेते झाले, पण स्वतःचं बहुमत हाती नसताना. सभागृहात हात वर करताना रिकर्बींच्या मताची किंमत मोठ्या फरकाने निवडून आलेल्या कौन्सिलरइतकीच होती. काडीवर आलेल्याला अर्धं मत, असा काही प्रकार नाही. पुढे सप्टेंबर २०२०मध्ये जॅक्सन यांच्यावर अविश्वासाचा ठराव आला, तो मंजूर झाला आणि त्यांना पद सोडावं लागलं. नवे नेते झाले त्यांच्याच पक्षाचे ग्लेन सँडरसन.