दुपारच्या उन्हातून आलेला शब्द

मे महिन्यात दुपारी बारानंतर खैरलांजीच्या रस्त्यावर माणूस दिसणं कठीण. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की नवतपा लागतो, म्हणजे साधारण २५ मेपासूनचे नऊ दिवस. धानाच्या बांध्यांना भेगा पडलेल्या, बोडीत तळाला चिखल, गुरं झाडाखाली रवंथ करत बसलेली, दुकानांची शटरं अर्धी खाली. ऊन उतरेपर्यंत कोणी कोणाला काम सांगत नाही आणि सांगितलं तरी कोणी उठत नाही. मन शांत ठेवा असं सांगताना इंग्रजी बोलणारं जग जो शब्द सारखा वापरतं, तो अशाच एका दुपारी जन्मला.

हे खैरलांजी बालाघाट जिल्ह्यातलं, तहसिलीचं गाव. २००६ च्या हत्याकांडामुळे देशाला कळलेलं खैरलांजी वेगळं, ते भंडारा जिल्ह्यात. नावं सारखी, मधे राज्याची सीमा. ही सीमा तशी अलीकडची. १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून बालाघाट जिल्हा झाला. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे इथे घरात पोवारी किंवा मराठी, शाळेत आणि कचेरीत हिंदी, आणि आता पोरांच्या मोबाइलमध्ये इंग्रजी, असा चालू व्यवहार आहे.

तर तो शब्द. त्याच्या स्पेलिंगमध्ये ‘ल’ असतो, पण इंग्रज तो गिळतात, म्हणून कानाला ऐकू येतो तो आपला ‘काम’. मराठी माणसाचा गोंधळ होऊ नये म्हणून इथे ‘काल्म’ असंच लिहितो. बहुतेक कोशकार त्याचं मूळ ‘कौमा’ या ग्रीक शब्दात शोधतात. कौमा म्हणजे भाजणारं ऊन, आणि त्याच्या पोटातलं क्रियापद ‘जाळणे’. हेच क्रियापद आपल्याही घरात आहे. तुंबलेल्या मोरीत ओततो तो कॉस्टिक सोडा त्याच घराण्यातला. हिटलरने केलेल्या ज्यूंच्या संहाराला वापरतात तो ‘होलोकॉस्ट’ हा शब्दही तिथलाच, त्याचा मूळ अर्थ संपूर्ण जाळलेला बळी. इतकंच काय, शाईसाठीचा इंग्रजी ‘इंक’ हा शब्दही याच जाळण्यातून आला. इतक्या दाहक कुळात मनःशांती जन्मावी हे जरा नवलच.

ग्रीकमधून शब्द लॅटिनमध्ये गेला. चौथ्या शतकाच्या शेवटी संत जेरोमने बायबल लॅटिनमध्ये आणलं, त्यात ईयोबाच्या पुस्तकात तो भेटतो. तिथे दुःखी ईयोब म्हणतो, उष्णतेने माझी हाडं वाळून गेली. म्हणजे तोवर शब्दाला शांतीचा स्पर्शही नाही, नुसता ताप आहे. पुढे भूमध्य समुद्राकाठच्या लोकभाषांत अर्थ सरकला. ऊन तापलं की माणसं नांगर सोडतात, सावली धरतात, आडवी होतात. आधी त्या उन्हाला, मग त्या पडून राहण्याला, मग त्या वेळच्या निपचितपणाला, असा तो शब्द एकेक पायरी उतरत ‘काल्मा’ झाला. ‘ल’ कुठून आला? लॅटिनमध्ये गरम असण्याला ‘कालेरे’ म्हणत, त्याच्या संगतीने आला असावा, असं भाषातज्ज्ञ मानतात.

फ्रेंचांनी याच मुळापासून आणखी एक शब्द काढला आणि तो मला जास्त बोलका वाटतो. ‘शोमे’ म्हणजे उन्हाच्या वेळी विसावणे. त्यावरून सणाच्या दिवशी काम बंद ठेवणे. त्यावरून काम नसणे. आज फ्रान्समध्ये ‘शोमाज’ म्हणजे सरळसरळ बेकारी, सरकारी आकडेवारीतली बेकारी. एकाच दुपारच्या दोन लेकी. एक योगवर्गात गेली, दुसरी रोजगार कार्यालयाच्या रांगेत उभी राहिली. धान निघाल्यावर नागपूरकडे बांधकामाच्या कामाला जाणाऱ्या बालाघाटच्या मजुराला ही दुसरी लेक चांगली ओळखीची आहे.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस ‘काल्म’ इंग्रजीत आला. इंग्लंडात कसलं आलंय नवतप्याचं ऊन! तिथे तो शब्द दर्यावर्द्यांच्या हाती लागला आणि वारा पडलेल्या समुद्राला चिकटला. माणसाच्या मनाला तो लावायला सोळावं शतक उजाडावं लागलं. दरम्यान खलाशांना तो शब्द मुळीच गोड वाटत नव्हता. शिडाच्या जहाजाला वारा नसणं म्हणजे जागच्या जागी अडकणं, पिण्याचं पाणी संपणं, ताज्या अन्नावाचून हिरड्या सुजणं. विषुववृत्ताजवळच्या निर्वात पट्ट्याची त्यांना वादळाइतकीच धास्ती होती.

कोकण किनाऱ्यावर तर वारा पडला की इंग्रज जहाजांना दुसरीच धास्ती असे, आंग्र्यांची. कान्होजी आंग्र्यांच्या आरमारात गुराबं होती आणि गलबतं होती. गुराब शिडांवर आणि तोफांवर चाले. गलबताला चाळीस-पन्नास वल्ही. रॉबर्ट ऑर्म या अठराव्या शतकातल्या इंग्रज इतिहासकाराने आंग्र्यांची लढण्याची तऱ्हा लिहून ठेवली आहे. वारा नसला की गलबतं वल्हवत निघायची, जड गुराबांना दोर लावून ओढून आणायची आणि अडकलेल्या जहाजाच्या पिछाडीवर तोफा धरायची. जहाजाच्या दोन्ही कुशींना तोफा भरपूर, पिछाडीला थोड्या, आणि वाऱ्यावाचून त्याला वळता येत नाही. म्हणजे इंग्रजी भाषेत ज्याला शांत हवा म्हणायचं, ती आंग्र्यांना लढाईची वेळ होती. शाळेच्या इतिहासात हे एक पान असायला हवं होतं.

१८०५ मध्ये फ्रान्सिस ब्यूफर्ट या नौदल अधिकाऱ्याने वाऱ्याच्या जोराला आकडे दिले. शून्य म्हणजे ‘काल्म’. जमिनीवर त्याची खूण म्हणजे धूर सरळ वर जातो. हवामानशास्त्रात हा शून्य अजून चालू आहे. त्याच्या कितीतरी आधी, १५२० मध्ये, मॅगेलनला दक्षिण अमेरिकेचं टोक ओलांडल्यावर समुद्र निवांत मिळाला म्हणून त्याने त्याला शांत समुद्र म्हटलं. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात तो प्रशांत महासागर झाला. तिथली वादळं बिचाऱ्याला भेटली नव्हती.

‘निवांत’ शब्द सहज लिहून गेलो, पण त्याचंही नातं वाऱ्याशीच लावतात. संस्कृत ‘निवात’, म्हणजे जिथे वारा नाही अशी जागा. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या मनाला निवात जागेतल्या दिव्याची उपमा आहे. इंग्रज खलाशाला ज्याची धास्ती, तेच इथे ध्यानाचं लक्षण. दिवा आणि जहाज यांच्या गरजा वेगळ्या, एवढंच.

आणि ‘शांत’? त्याचं मूळ शोधत गेलं की आपणही उन्हातच येऊन पोहोचतो. संस्कृतातला ‘शम्’ धातू जुन्या वैदिक भाषेत राबणे, कष्टणे, विशेषतः यज्ञाचं काम करणे, या अर्थाने सापडतो. राबल्यावर माणूस थकतो, थकल्यावर थांबतो, थांबल्यावर निवतो. या क्रमाने ‘शांत’ शब्द आजच्या अर्थाला आला. ग्रीकमध्ये याच मुळाचा भाऊ आहे, ‘काम्नो’, म्हणजे श्रमणे, दमणे. यज्ञात पशूला मारणाऱ्याला ‘शमिता’ म्हणत, शांत करणारा. मराठीने ही सावली जपली आहे. दिवा विझला असं म्हणायचं नसतं, दिवा शांत झाला म्हणायचं. म्हातारं माणूस गेलं की तेही शांत झालं. नक्षत्र वाईट निघालं तर त्याची शांत करायची. गावात तणाव वाढला की ठाण्यात शांतता समितीची बैठक. आणि न्यायालयात शांतता म्हणजे तोंड बंद. तेंडुलकरांनी १९६७ च्या नाटकाला नाव देताना हाच हुकुमाचा सूर पकडला होता. इंग्रजीत या सगळ्याला वेगवेगळे शब्द आहेत, आपण एकट्या ‘शांत’वर भार टाकला आहे.

शास्त्रकारांनाही हा शब्द पेलायला वेळ लागला. भरताच्या नाट्यशास्त्रात मुळात आठ रस मोजलेले. शांत हा नववा रस मानावा की नाही यावर पंडितांत बराच खल झाला, आणि साधारण हजार वर्षांपूर्वी काश्मीरच्या अभिनवगुप्ताने त्याच्या बाजूने भक्कम मांडणी केली. मराठीत ज्ञानेश्वरांनी १२९० च्या आपल्या ग्रंथात शांतरसाला सगळ्यांच्या वर बसवलं.

याच प्रदेशात त्या चर्चेचं एक अलीकडचं पान आहे. वैनगंगा सिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि बालाघाटातून खाली येते. त्या सिवनीच्या तुरुंगात १९४४ च्या हिवाळ्यात विनोबा भावे यांनी गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या स्थितप्रज्ञाच्या लक्षणांवर व्याख्यानं दिली. ‘छोडो भारत’च्या लढ्यातले कैदी हे त्यांचे श्रोते. पुढे त्यांचं ‘स्थितप्रज्ञ-दर्शन’ हे पुस्तक झालं. दुःखाने न डगमगणाऱ्या माणसाविषयी तुरुंगात बोलणं, तेही बाहेर महायुद्ध पेटलेलं असताना! या शांतीत सावलीला पडण्याचा भाग नाही. विनोबा तर आयुष्यभर अंगमेहनतीचेच पुरस्कर्ते राहिले.

त्याच महायुद्धात इंग्लंडात ‘काल्म’ची जी गत झाली तीही सांगायला हवी. १९३९ मध्ये ब्रिटिश सरकारने एक पोस्टर छापलं. शांत राहा आणि चालू ठेवा, एवढाच मजकूर, वर राजमुकुट. जवळजवळ साडेचोवीस लाख प्रती छापल्या, पण त्या क्वचितच कुठे लागल्या आणि बहुतेक लगद्याला गेल्या. २००० मध्ये उत्तर इंग्लंडातल्या अल्निक गावी जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक प्रत सापडली आणि मग कपांवर, टी-शर्टांवर ती जगभर गेली. ऊन तापलंय, काम थांबवा, असं एकेकाळी सांगणारा शब्द आता कितीही तापलं तरी काम थांबवू नका असं सांगू लागला. कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांत तो याच अर्थाने शिकवतात असं मला वाटतं.

मग गोळी आली. तिच्या कथेत मुंबई आहे आणि मध्य भारतातल्या जंगलातही वाढणारी एक वनस्पती आहे, सर्पगंधा. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात रक्तदाबावर सर्पगंधेचा गुण दाखवून दिला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रिसर्पिन वेगळं केलं. ते घेतल्यावर रोगी गुंगत नव्हता, पण निवत होता. या परिणामाला नाव हवं होतं. १९५३ मध्ये सिबाच्याच एफ. एफ. यॉंकमन यांनी ‘ट्रॅंक्विलायझर’ हा शब्द वापरला. शब्द जुनाच. १८१०च्या सुमारास फिलाडेल्फियाच्या डॉ. बेंजामिन रश यांनी मनोरुग्णांना पट्ट्यांनी जखडणाऱ्या खुर्चीला हेच नाव दिलं होतं. खुर्चीची गोळी झाली. १९५५ मध्ये अमेरिकेत मिलटाउन नावाची गोळी आली आणि धडाक्याने खपली. रिसर्पिन मात्र काही रोग्यांना उदास करतं अशी तक्रार झाली आणि ते मागे पडलं. सर्पगंधेची मुळं इतकी उपटली गेली की तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर आज निर्बंध आहेत. आणि २०१२ पासून ‘काल्म’ नावाचं मोबाइल अॅप आहे, पैसे भरून शांतता ऐकवणारं.

या सगळ्या प्रवासात शब्दाने पहिली गोष्ट टाकून दिली, ती म्हणजे दुपारची विश्रांती. बालाघाटच्या जंगलपट्ट्यातले तेंदूपत्ता तोडणारे आजही तिचा हिशोब पाळतात. पहाटे जंगलात जायचं, ऊन चढण्याआधी परतायचं आणि सावलीत बसून पन्नास-पन्नास पानांच्या गड्ड्या बांधायच्या. पण रस्ता, वीटभट्टी आणि बांधकाम यांवर हा हिशोब चालत नाही. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला कायद्याने बंदी आहे. आपल्याकडे अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, पुढे नागपूरनेही केला. पण त्यातल्या वेळा पाळणं बरंचसं ठेकेदाराच्या मर्जीवर राहतं.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा धान कापणीला आलेलं असेल आणि हवेत गारवा असेल, तेव्हा ऊन आठवणं अवघड आहे. तरी ज्यांच्या हाताखाली माणसं राबतात, शेतावर असोत, घराच्या बांधकामावर असोत की दुकानाच्या माल उतरवण्यावर, त्यांना एकच विनंती आहे. येत्या नवतप्यात दुपारी बारा ते चार काम बंद ठेवा आणि त्या चार तासांची मजुरी कापू नका.